काकांच्या काचेतली हराळी

बजाजनगरात खोली शोधायला फिरलो तेव्हा पोरगी कडेवर होती आणि तिला दात येऊ लागले होते, म्हणून ती प्रत्येक घरमालकाच्या दारात रडली. नवऱ्याला वाळूजच्या कंपनीत शिफ्टची नोकरी लागली होती, जवळ खोली पायजेच होती. दारावर ‘खोली भाड्यानं देणे आहे’ अशी पाटी असायची, मालक गोड बोलायचे, नळ दाखवायचे, संडास दाखवायचे, आणि मग आडनाव विचारायचे. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. इतक्या खोल्या काल गेल्या की मला वाटलं, काल बजाजनगरात कुणी जेवलं बी नसंल, सगळे सामान चढवत बसले असतील.

या घरमालक काकांनी आडनाव विचारलंच नाय. ते म्हणले, “मांजर आहे का तुमच्याकडे?”

नवरा म्हणला, “नाही काका.”

“पाळायचा विचार?”

“नाही.”

“मग या राहायला.”

मांजरीचं का विचारलं ते मला वरच्या आमच्या खोलीतनं खाली पाणी भरायला गेले तेव्हा दिसलं. काकांच्या हॉलमधी दिवाणाएवढी लांब काचेची पेटी, तिच्यात पाणी, पाण्यात निळ्या रेघेचे बारके बारके मासे. पण काकांचा जीव माशात नव्हता. त्यांचा जीव खाली तळाला होता. तळाला काळी माती आणि मातीवर केसासारखं बारीक हिरवं गवत, पार या काचेपासून त्या काचेपर्यंत, कुठं बोटभर जागा रिकामी नाय. काका त्याला गालिचा म्हणायचे. एका मोठ्या कंपनीतनं रिटायर झाल्यापासून त्यांनी ते एकेक काडी लांब चिमट्यानं धरून लावलं होतं. काकू मला म्हणल्या, “माझ्या डोक्यावरून कधी हात नाही फिरवला गं यांनी, आणि गवत कसं कुरवाळतात बघ.”

मी लई घाबरट. दहावीला गणित राहिलं ते राहिलंच, त्यामुळं मला कुणीबी शिकलेलं माणूस बोलायला लागलं की घाम फुटतो. मला कुकरच्या शिट्टीची भीती, विजेच्या बटणाची भीती, रात्रपाळीला नवरा गेला की कडीची भीती. आणि सगळ्यात मोठी भीती ही की एक दिवस काकांना आडनाव विचारायचं आठवंल, आणि ही खोली पण कालच गेलेली निघंल. म्हणून मी जिना दोनदा झाडायची, पाणी सांडायची नाय, पोरगी रडली की तिचं तोंड पदरात धरायची.

वर्ष उलटलं, पोरगी बोलू लागली, मग काकांच्या लेकीचे दिवस भरत आले. लेक पुण्याला, डॉक्टरनं प्रवास नको म्हणून सांगितलेलं, तर काका-काकूच तिकडं निघाले, सव्वा महिना होईस्तोवर. काकांनी मला पेटीपुढं उभं केलं.

“बेटा, खाणं चिमूटभर. बत्ती आपोआप लागते, आपोआप विझते. पाणी कमी झालं की बादलीतलं शिळं पाणी वाटीनं हळू हळू सोडायचं, नळाचं ताजं नाही. आणि हा गॅस, याला हात लावायचा नाही.”

गॅस म्हणजे पोरीएवढं लाल नळकांडं, त्यातनं बारीक नळीनं पाण्यात बुडबुडे सोडलेले. काका म्हणले की गवताला तो लागतो, दाट व्हायला. मी मान हलवली. मनात म्हणलं, आमच्या खोलीतली गॅसची टाकी महिना पुरत नाय आणि इथं गवताला सिलेंडर.

“आणि सगळ्यात मुख्य,” काका दारातनं परत आले, “गवताला कुणीही हात लावायचा नाही. कुणीही.”

चावी माझ्या हातात आली. एक दिवस मी कसाबसा काढला. गॅस बुडबुड करायचा आणि मला वाटायचं आता फुटतो, मी पोरीचे कान झाकून खाणं टाकायची आणि पळत वर यायची. दुसऱ्या दिवशी मी गावाकडं फोन लावला आणि आत्याला बोलावून घेतलं. सासूला आमच्यात आत्याच म्हणायचं.

आत्या दौलताबादच्या पलीकडच्या खेड्यातनं एसटीनं आली. पिशवीत ज्वारीचं पीठ, शेंगा, पोरीला फरॉक आणि खुरपं.

मी म्हणलं, “आत्या, इथं खुरपं कशाला?”

“असू दे गं. नसलं की हाताला काय तरी राहिल्यावानी वाटतं.”

आत्याचा सगळा जन्म लोकाच्या रानात निंदण्या-खुरपण्यात गेला. आमची सोताची जमीन कधी नव्हतीच, पण कुणाच्या वावरात काय उगवलं ते तिला रस्त्यावरनं जाता जाता दिसायचं, आणि दिसलं की ती बोलायचीच. एसटीतनं उतरल्या उतरल्या तिनं मला सांगितलं की वाटंत एकाच्या कपाशीत गवत मातलंय, बाप्या कुठं मेला कोण जाणं.

तिला मी पेटी दाखवली. ती पदर खोचून खाली वाकली, काचेला नाक लावलं, लई वेळ बघितलं. मासे तिनं बघितलेच नायत.

“अगं माय,” ती म्हणली. “एवढी काळीभोर जमीन. आणि हराळीनं खाल्ली की सगळी.”

मी म्हणलं, “आत्या, ते काकांचं गवत हाय. मुद्दाम लावलंय.”

“व्हय, हराळी मुद्दाम लावतंय. कुणाला सांगते?” ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करते. आणि खरं सांगते, माझ्या आत्याच्या जागी कुणी बी असतं तरी तेच वाटलं असतं. हराळी म्हणजे काय, ज्यानं निंदलंय त्यालाच माहीत. खाली मुळ्या पळतात, एक उपटली की चार जागी फुटते, बायांची बोटं फाटतात तिच्या पायी. कुणी शहाणा माणूस ती काचेत ठेवून बत्ती लावंल आणि तिला गॅस पाजंल, हे आत्याच्या डोक्यात जाणारच कसं.

दुसऱ्या दिवशी मी पोरीला डोस द्यायला दवाखान्यात घेऊन गेले. रांग मोठी होती. पोरीनं नर्सला चावा घेतला, त्यात अजून वेळ गेला. परत आले तर काकांचं दार उघडं. आत्या स्टुलावर बसलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, उजवा हात खांद्यापर्यंत भिजलेला. पेटीतलं पाणी चहासारखं गढूळ. मासे सगळे एका कोपऱ्यात, एकमेकाच्या मागं लपलेले, मी दवाखान्यात रांगेत उभी होते अगदी तसे.

“झालं बघ रान साफ,” आत्या म्हणली. “एक मुळी ठेवली नाय. चिवट होती गं, पण वर पाणी असल्यामुळं बोटं नाय फाटली. हे बरंय.”

पोरगी टाळ्या वाजवायला लागली.

“आत्या… गवत कुठाय?”

“गच्चीवर. उन्हात. हराळी अशी टाकायची नसती, परत लागती. वाळवून जाळायची.”

मी पोरीला तिथंच टाकून जिना चढले, कशी चढले ठाऊक नाय. गच्चीवर काकांचा गालिचा पसरलेला, पापडासारखा. वरचं सगळं कुरकुरीत झालेलं. ढिगाच्या पार खाली मूठभर तेवढं ओलं होतं. ते मी पदरात घेतलं आणि तिथंच टाकीला टेकून बसले आणि रडले. खाली पेटीत काळी जमीन, वर माझ्या पदरात मूठभर हराळी, आणि मधी आमची खोली. ती आता गेलीच म्हणून धरली मी.

आत्या मागनं आली. मी तिला सगळं सांगितलं, खोल्या कशा काल जायच्या ते पण सांगितलं. ते मी तिला आधी कधी सांगितलं नव्हतं, तिला वाटत होतं शहरात आता तसलं काय राहिलं नाय. तिनं वाळलेली एक काडी उचलून बघितली. मग म्हणली, “हे लोक हराळी पाळतात?”

“हो आत्या.”

“बरं. पाळतात तर पाळतात. आपण लावू. मला काय लावणं येत नाय का? उठ, डोळे पूस. किती दिवस हायेत?”

“सव्वा महिना. नात नायतर नातू झाल्यापासून.”

“मग देव करो बाळंतपण लांबो,” आत्या म्हणली आणि लगेच सोताच्या गालावर चापट मारून घेतली. “नाय नाय, सुखरूप होवो. पण आरामात होवो.”

नवरा शिफ्टवरनं आला तेव्हा त्याला सांगितलं. तो आईकडं बघत राहिला, माझ्याकडं बघत राहिला, मग म्हणला, “मला काय माहीतच नाय,” आणि पांघरूण डोक्यावरनं घेऊन झोपला. त्या दिवसापासून त्यानं खालच्या हॉलकडं बघितलंच नाय, जिन्यावरनं सुदीक तोंड फिरवून उतरायचा.

दोन दिवसांत पेटीतलं पाणी निवळलं, पण वाटीत भिजत ठेवलेलं मूठभर गवत पुरणार नव्हतं. शहागंजात माशांचं दुकान हाय असं कुणी तरी सांगितलं, म्हणून आम्ही रिक्षानं तिकडं गेलो, आत्या, मी आणि पोरगी. दुकानदार चाचा काउंटरमागं चहा पीत होते. मी वाळलेली एक काडी आणि ओली एक काडी दाखवली. चाचांनी वाळलेली हातात घेतली.

“इसको क्या किये बाजी? धूप में सुखाये?”

मी खाली बघितलं. आत्या म्हणली, “हौ, सुखाये. जलाने के वास्ते.”

चाचांनी चहा खाली ठेवला. मग आतनं एक डबी आणली, तिच्यात तळहाताएवढं तेच गवत. आत्यानं किंमत विचारली आणि ऐकून मागं सरकली.

“या पैशात बैलाला महिनाभर चारा येतो!”

“तो बैल को पानी में रखो ना अम्मा,” चाचा म्हणले.

आत्याला ते उत्तर आवडलं. ती हसली, चाचा हसले, आणि थोडं जास्त गवत मिळालं. चाचांनी मला सांगितलं की काड्या सुट्ट्या सुट्ट्या लावा, पहिलं पिवळं पडंल, घाबरू नका, बुडातनं नवं फुटंल, आणि पाण्याला सारखं छेडू नका. ‘घाबरू नका’ हे माझ्याकडं बघून दोनदा म्हणले.

बाहेर हातगाड्यावर पायपुसणी होती, प्लास्टिकच्या हिरव्या गवताची, कोपऱ्यात एक पिवळं प्लास्टिकचं फूल टोचलेलं. आत्या तिथं थांबली.

“हे बघ. पाणी नको, गॅस नको, बत्ती नको. तुझ्या काकाला हे कळत नाय का?” आणि दाराशी टाकायला म्हणून तिनं एक घेतलं.

घरी येऊन आम्ही खालचं दार उघडतो न उघडतो तर माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. काका. मी आवाजानंच अर्धी मेले.

आत्या म्हणली, “उचलू नको.”

“नाय उचललं तर शेजाऱ्याला पाठवतील बघायला!”

“मग उचल, आणि वरचे मासे दाखव.”

फोन वाजून बंद झाला, परत वाजला. आत्याचे डोळे पिशवीवर गेले. मला अजून बी कळत नाय ते तिला एवढ्या पटकन सुचलं कसं. तिनं पायपुसणं काढलं, घडी मोडली आणि सरळ पेटीत दाबलं. ते वर आलं. परत दाबलं, परत वर आलं. माझा फोन तिसऱ्यांदा वाजायला लागला. ती जिन्यानं पळत वर गेली आणि आमचा वरवंटा घेऊन आली, चटणीचा, आणि तो पायपुसण्यावर ठेवला. पायपुसणं तळाला बसलं. मासे एकदा खाली आले, तोंड लावलं, आणि नाक मुरडून वर गेले.

मी फोन उचलला. काकांचं तोंड एवढं जवळ की नाकच दिसत होतं.

“बेटा, मुलगी झाली! नात!”

“अभिनंदन काका!” मी म्हणले आणि मला खरंच रडू आलं, आनंदाचं का कशाचं कोण जाणे.

“बरं, जरा दाखव की गालिचा.”

मी लांबनंच, पायपुसणं होतं तेवढ्याच भागावर फोन धरला. हात एवढा हालत होता की सगळं हिरवं हिरवं लाटेसारखं दिसत असंल. मग काका हळूच म्हणले, “अरे वा.” मग मोठ्यानं काकूंना हाक मारली, “अगं बघ, बघ, किती दाट झालाय! मी तिथं असताना असा नव्हता!”

आत्या माझ्या कानात म्हणली, “बघ. तुझ्यात गुण हाय म्हणावं.”

“तो दगड कुठला?” काकांनी विचारलं.

“काका… शोभेचा. असाच. दिसायला.”

“छान दिसतो. आणि ते पिवळं काय? कोपऱ्यात?”

आत्यानं फोनकडं तोंड न करता सांगितलं, “फूल हाय ते.”

“फूल? याला फूल आलं?” काकांचा आवाजच फाटला. “हलू नको, हलू नको, फोटो काढतो. ग्रुपवर टाकतो.”

पलीकडं खट्ट झालं, फोटो निघालाच. “नेट चाललं काका,” म्हणून मी फोन बंद केला आणि जमिनीवर बसले. काकांचा असल्या पेट्यावाल्यांचा ग्रुप होता फोनवर, हे मला काकूंनी सांगितलेलं. आता ते सगळे आमचं पायपुसणं बघणार.

संध्याकाळी काकांचा मेसेज आला. लोक वेडे झाले म्हणून. फूल कुणाच्याच पेटीत आलं नव्हतं म्हणून. आणि खाली हात जोडलेली बाहुली.

मग आत्यानं लावणी केली. चिमटा तिला जमला नाय, तिनं तो मला दिला आणि म्हणली केस उपटायला ठेव. तिनं दोरी मागितली. मी म्हणलं कशाला, तर म्हणली, “ओळ वाकडी गेली तर लोक काय म्हणतील?” मी पेटीच्या या काचेपासून त्या काचेपर्यंत दोरी ताणून धरली, आणि आत्यानं कांद्याचं रोप लावतात तशी एकेक काडी बोटानं मातीत खोचली, दोन बोटाचं अंतर ठेवून. एक ओळ झाली की म्हणायची, “सरक.” मी सरकायची. मधी तिनं एक रुंद पट्टा मोकळा सोडला.

“हे काय?”

“वाट. माणसाला जायला नको?”

“आत कोण जाणार आत्या?”

“मासे.”

मला हसू आलं. खोली जाणार हे माहीत असून बी हसू आलं, हातातली दोरी सैल झाली आणि आत्या ओरडली. पोरगी स्टुलावर उभी राहून म्हणत होती, “आजीचं लान, आजीचं लान.” तिला र येत नव्हता. आत्या खूश झाली. “व्हय गं माझे बाय. आजीचंच रान. आणि मालक बी नाय बांधावर उभा.”

चाचा म्हणले तसं गवत पहिल्यांदा पिवळं पडलं. मी तिकडं बघायचंच सोडलं. आत्या मात्र पहाटंच चूळ भरली की खाली जायची, काचेवर हात ठेवून वाकायची. एक दिवस मी पाणी टाकायला वाटी घेऊन गेले तर तिच्या मुठीत काहीतरी पांढरं. मी मूठ उघडली. युरिया! कुणाच्या तरी कुंड्यांतला मागून आणलेला.

“आत्या, मासे मरतील!”

“चिमूटभरच. पिवळं पडलंय, नत्र कमी हाय त्याला.”

“मासे मेले तर गालिच्यावर बसून रडायचं का काकांनी?”

ती थांबली, माशांकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. “हे मधीच आलेत,” म्हणली, आणि युरिया बाहेर मोरीजवळच्या कढीपत्त्याला टाकला. कढीपत्ता जळाला. म्हणजे मासे वाचले ते बरंच झालं.

आणि मग फुटलं की. बुडातनं बारीक हिरवी टोकं आली, मातीतनं मुळ्या पळायला लागल्या, ओळीतनं ओळीकडं. ज्या हराळीला आत्यानं जन्मभर शिव्या दिल्या तिलाच आता रोज उठून म्हणायची, “पसर की गं बाई. हातपाय पसर. इथं कुणी निंदायला येत नाय.” दुपारी बत्तीखाली पात्यांवर बारीक बारीक बुडबुडे धरायचे, घाम आल्यासारखे. ती मला बोलवून दाखवायची. “बघ, काम करू राहिलं.”

काकांचे फोन यायचे, पण नात रडायची, काका गडबडीत असायचे, आणि मी मासे दाखवायची आणि नेट घालवायची. पायपुसणं आता आमच्या दाराशी होतं, जिथं पायपुसण्यानं असायला पायजे तिथं.

सव्वा महिना भरला. काका उद्या येणार असा मेसेज आला तेव्हा मी खाली जाऊन नीट बघितलं. गवत हिरवं होतं, चांगलं होतं, पण गालिचा नव्हता. ओळी अजून मिटल्या नव्हत्या. सरळ, रेघ मारल्यासारख्या सऱ्या, आणि मधनं माशांना जायला वाट. कुठल्या बी आंधळ्याला कळलं असतं की हे कांद्याचं वावर हाय. मी वर आले आणि गाठोडी बांधायला लागले. पोरीचे कपडे, दोन पातेली, पोळपाट, वरवंटा.

“एवढी घाई कशाला?” आत्या म्हणली.

“काढा म्हणायच्या आधी बांधलेलं बरं.”

काका-काकू दुपारी आले. नवरा कामावर होता. आत्या शेंगा फोडत बसली आणि मी दाराआड उभी. खाली बॅगा टेकवल्याचा आवाज, काकूंचं बोलणं. मग जिन्यावर पावलं. माझ्या कडेवर पोरगी होती, मी तिला एवढी दाबली की ती चिडली.

काका दारात आले. पायपुसण्यावर उभे राहिले.

“ताई,” ते आत्याला म्हणले, “खाली रेघा कशाच्या आहेत?”

“सऱ्या हायेत त्या.”

“सऱ्या?”

“दाट लावलं की कुजतं. वारं खेळलं पायजे.”

“वारं? पाण्यात?”

आत्यानं शेंग तोंडात टाकली. “लागलं ना पण? एक रोप मेलं नाय.”

“आणि आधीचं?”

“निंदलं.”

“निंदलं!” काकांनी चौकटीला हात लावला.

“हराळी होती हो दादा. एवढी काळी जमीन. तुम्ही नोकरीतले माणसं, तुम्हाला कोण सांगणार, मी म्हणलं करावा उपकार. माझी सून कवाधरनं रडू राहिली, तिचा काय दोष नाय. मी निंदलं. बोलायचं ते मला बोला.”

मी काही तरी बोलायला तोंड उघडलं, पण काका हळूहळू खाली बसले, दारातच. मला वाटलं चक्कर आली. मी पाणी आणायला वळले. त्यांचा हात खाली टेकला, पायपुसण्यावर, आणि सवयीनं फिरायला लागला, जसे ते गालिचा कुरवाळायचे ना, तसा. फिरता फिरता कोपऱ्यात गेला. आणि पिवळ्या फुलावर थांबला.

काकांनी फुलाकडं बघितलं. मग खिशातनं फोन काढला, चष्मा वर केला, फोटो मोठा करून बघितला. परत फुलाकडं बघितलं. आत्या शेंगा फोडायची थांबली.

“हे,” काका म्हणले. “मी यावर लेख लिहून टाकला ग्रुपवर. फूल कसं येतं. कोणतं खत.”

पोरगी म्हणाली, “पाय पुस.” तिला आम्ही तेच शिकवलं होतं, दारात कुणी आलं की म्हणायला.

काकांचं पोट हलायला लागलं. आधी वाटलं रडतात. पण ते हसत होते, आवाज न करता, खाली काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर हात धरून, डोळ्यातनं पाणी येईस्तोवर. आत्यानं त्यांच्यापुढं मूठभर शेंगा ठेवल्या. त्यांनी घेतल्या.

“ताई, हे कुणाला सांगायचं नाही.”

“नाय सांगत,” आत्या म्हणली. “पण खोली?”

“खोलीचं काय?”

“ठेवायची का सोडायची?”

“सोडायचं कोण म्हणालं?” त्यांनी माझ्या मागची गाठोडी बघितली. “हे काय बांधलंय?”

“धुणं हाय काका,” मी म्हणले.

गाठोड्यातनं वरवंट्याचं टोक बाहेर आलेलं. त्यांनी ते बघितलं. फोटोतला शोभेचा दगड त्यांना ओळखू आला असावा, पण ते काही बोलले नाय, फक्त परत पोट हललं. “रविवारी ग्रुपमधले दोघं जण फूल बघायला येणार आहेत,” ते उठता उठता म्हणले. “काय सांगू?”

“सुकलं म्हणा,” आत्या म्हणली. “फुलं सुकतातच.”

माझा काय विश्वास बसला नाय. हसतात आत्ता, पण चार लोकांत मान खाली गेली की राग येतोच माणसाला, आणि राग आला की आडनाव आठवतं. मी गाठोडी तशीच ठेवली. शुक्रवार, शनिवार त्याच्यातनं एकेक कपडा ओढून काढला आणि परत खोचला.

रविवारी ते दोघं आले. मी आणि आत्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ऐकत होतो.

“फूल?” एकानं विचारलं.

“सुकलं हो. दोनच दिवस राहतं.”

“अरेरे. आणि ही लावणी? ओळीत? हे कुठलं तंत्र?”

मी आत्याचा हात धरला. मग काका म्हणले, “दाट लावलं की कुजतं. वारं खेळलं पाहिजे. आमच्या वरच्या ताईंनी लावलंय, त्यांचा शेतीतला हात आहे. मधे ती वाट आहे ना, ती माशांना.”

“अच्छा!” दोघं एकदम म्हणले. आत्यानं माझ्या हातातनं हात सोडवून घेतला आणि पदर नीट केला, जसं काही तिला स्टेजवर बोलावलं होतं.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की पोरगी आमच्याजवळ नाय. ती कवाच खाली गेली होती. आणि सकाळी आत्यानं पुरावा नको म्हणून पायपुसण्याचं पिवळं फूल खुडलं होतं आणि फेकवंना म्हणून तिच्या केसात चापानं लावलं होतं, हे मला तेव्हा आठवलं.

खालनं आवाज आला, “अरे, हे बघा! अगदी तसंच फूल की हो! तेच ना?”

मी तीन पायऱ्या एकदम उतरले. हॉलमधी पोरगी उभी, ते दोघं वाकून तिच्या डोक्याकडं बघू राहिले, एकाच्या हातात फोन, फोटो उघडलेला. काका भिंतीला टेकलेले, तोंड लाल.

“पाय पुस,” पोरगी त्यांना म्हणली.

“बाजारात मिळतात तशी आता,” काका म्हणले. “हुबेहूब. बेटा, तिला वर ने, भूक लागली असेल तिला.”

मी पोरीला बकोटीला धरून वर आणलं. मागनं काकांचा खोकला ऐकू आला, लांबच लांब खोकला, आणि त्याच्यामागं काकूंचा आवाज, “चहा टाकते वरच्यांना पण, खाली बोलवा त्यांना.”

आत्या खाली चहाला निघाली पण. मी म्हणलं तू हो पुढं, मी आले. मी गाठोडी ओढली आणि गाठी सोडल्या, दाताने सोडाव्या लागल्या, एवढ्या घट्ट बांधल्या होत्या. पातेली फळीवर ठेवली, कपडे दोरीवर टाकले. वरवंटा शेवटी निघाला. त्याला अजून पेटीच्या पाण्याचा वास येत होता, तळ्याकाठच्यासारखा. मी तो दोनदा घासला, मिठानं घासला. वास गेला नाय. त्या दिवशीची शेंगदाण्याची चटणी नवऱ्यानं दोनदा मागून घेतली आणि म्हणला, आज काय वेगळं टाकलंय गं?